ओकखालची भाजलेली जमीन

जानेवारीतला प्रोव्हान्स पर्यटकांसाठी नसतो. लव्हेंडर छाटून टाकलेलं असतं, द्राक्षमळ्यांत नुसते काळे खुंट उभे असतात, निम्म्या हॉटेलांच्या दारांना कुलपं असतात आणि ऱ्होनच्या खोऱ्यातून घुसणारा मिस्त्राल वारा कानटोपीची उसवलेली शिवण नेमकी शोधून काढतो. पण ट्रफलच्या मागे जायचं तर याच दिवसांत यावं लागतं. काळा ट्रफल, शास्त्रीय नाव ट्यूबर मेलानोस्पोरम, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत निघतो. त्यातला खरा पिकलेला माल जानेवारी-फेब्रुवारीचा.

ओरांज शहर सोडून वालरेआसच्या रस्त्याला लागलं की एक मजेशीर प्रदेश येतो. कागदोपत्री तो व्होक्ल्यूझ जिल्ह्याचा, पण चारी बाजूंनी द्रोम जिल्ह्याने वेढलेला. अव्हिन्योंला राहणाऱ्या पोपांपैकी एकाने, बाविसाव्या जॉनने, १३१७ साली वालरेआस विकत घेतलं. पोप गेले, राज्यक्रांती झाली, नवे जिल्हे आखले गेले, तरी हा तुकडा तसाच अडकून राहिला. त्यातलंच रिशरांश हे छोटं गाव. टेम्पलर योद्ध्यांनी ११३६ साली इथे आपलं ठाणं उभारलं, त्याची तटबंदी अजून आहे. मात्र हिवाळ्यात गाडीतून उतरणारे लोक तटबंदी बघायला आलेले नसतात.

गावाबाहेर चुनखडीच्या पांढुरक्या, दगडगोट्यांच्या जमिनीत ओक ओळीने लावलेले दिसतात. ओक म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं डेरेदार झाड नाही. हे बुटके, गाठाळ, कमरेच्या उंचीपासून फांद्या फुटलेले. काही बारमाही हिरवे, काही वाळलेली पानं हिवाळाभर तशीच अंगावर बाळगणारे. मधल्या पट्ट्यांत कुठे लव्हेंडर, कुठे द्राक्षं, क्षितिजावर व्हाँतू डोंगराचं पांढरं टोक. आणि बहुतेक ओकांच्या बुंध्याभोवती जमीन उघडी. ओळींमधलं गवत झाडाकडे येता येता ठरावीक अंतरावर थांबलेलं. त्याच्या आत खडे, थोडी सुकी पानं, एखादं मांसल पानांचं सेडम, बाकी काही नाही. तणनाशक मारल्यासारखं दिसतं, पण कुणी काही मारलेलं नसतं.

या उघड्या गोलाला इथे ब्रुले म्हणतात, भाजलेली जागा. शतकानुशतकं शेतकऱ्यांना ही खूण ठाऊक आहे. रोप लावल्यावर साधारण चार-पाच वर्षांनी गवत विरळ होऊ लागतं, मग गोल दरवर्षी थोडा थोडा बाहेर सरकतो. ट्रफल त्यानंतर, लागवडीपासून सहा ते दहा वर्षांनी. ब्रुले पडला म्हणजे ट्रफल आलाच असं नाही, पण ब्रुले नसलेल्या झाडाखाली काळा ट्रफल सापडणं विरळाच. ज्यांच्या रानात मी हिंडले ते सत्तरीचे गृहस्थ पहिल्याच ओळीत मला म्हणाले, "झाडाकडे बघू नका, खाली बघा." आपल्या जमिनीत गवत उगवत नाही म्हणून खूश होणारा शेतकरी मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

त्यांच्याबरोबर एक मध्यम चणीची, जातकुळी सांगता येणार नाही अशी कुत्री होती. जुन्या पिढ्या डुकरीण घेऊन जात. तिला शिकवावं लागत नाही, हा फायदा. पण सापडलेला ट्रफल तिला स्वतःलाच खायचा असतो आणि एवढ्या धुडाच्या तोंडातून तो काढून घ्यायचा म्हणजे बोटांचा प्रश्न. कुत्र्याचं काम बिस्किटाच्या तुकड्यावर भागतं. कुत्री नाक जमिनीला लावून वाऱ्याच्या उलट दिशेने ओळ ओळ चालली, एका ब्रुलेच्या कडेला थबकली आणि पंजाने दोनदा खरवडलं. यजमानांनी तिला बाजूला केलं, गुडघे टेकले, चिमूटभर माती उचलून हुंगली. माती हुंगून ते ठरवतात की आतला माल पिकलाय की अजून थांबायचं. मग छोट्या लोखंडी कुदळीने हळूहळू उकरलं. वितीभर खोलीवर काळा, खरखरीत, बारीक मनोऱ्यांसारख्या पुटकुळ्यांचा गोळा. खड्डा त्यांनी लगेच त्याच मातीने बुजवला. मुळं उघडी ठेवणं हा इथे गुन्हाच. गोळा माझ्या हातात दिला. भिजलेला पाचोळा, थोडा कोको, थोडी लसूण आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी तबेला. पहिल्या वासाला तोंडाला पाणी सुटतं असं जे लिहितात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

तर ही जमीन कोण भाजतं?

झाडं एकमेकांवर रासायनिक मारा करतात ही गोष्ट नवी नाही. अक्रोडाच्या सावलीत काही वाढत नाही हे रोमन काळापासून नोंदलेलं आहे; त्यामागचं रसायन जुग्लोन. १९३७ साली व्हिएन्नाच्या हान्स मोलिश यांनी अशा प्रकाराला ॲलेलोपथी हे नाव दिलं. आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्याजवळ दिसू लागलेलं आणि नंतर सगळीकडे माजलेलं गाजरगवत पार्थेनिन सोडून शेजारच्या रोपांना दाबतं, तेही याच जातीचं काम. प्रोव्हान्सच्या माळांवरच्या रोझमेरी, थाइम आणि अलेप्पो पाइन या मंडळींच्या पानांत तेलं आणि फेनॉलं ठासून भरलेली असतात. पावसाने ती मातीत उतरतात आणि शेजाऱ्यांच्या बिया रुजायला त्रास देतात. त्यामुळे ब्रुले हा ओकचाच प्रताप असेल असं वाटणं साहजिक आहे. पण तोच ओक, त्याच मातीत, ट्रफलविना असेल तर त्याच्याखाली गवत मजेत वाढतं. तेव्हा हात बुरशीचा.

ट्रफल म्हणजे खरं तर फळ. मूळ जीव आहे मातीत पसरलेले केसाहून बारीक तंतू. ते ओकच्या किंवा हेझलच्या कोवळ्या मुळांच्या टोकांवर मोजा चढवावा तसं आवरण चढवतात आणि मुळाच्या पेशींच्या फटींतून आत शिरतात. २००७ साली रिशार स्प्लिव्हालो आणि सहकाऱ्यांनी ट्रफलच्या बंद डब्यात छोटी अरॅबिडॉप्सिस रोपं ठेवून पाहिली. मातीचा स्पर्श नाही, फक्त वास. रोपं खुंटली, पानांचा रंग उडाला, पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड साचलं. सगळ्यात जहाल ठरलेल्या रेणूंत एक होता ऑक्टेनॉल, म्हणजे साध्या अळंबीला अळंबीचा वास देणारा पदार्थ. दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की ट्रफलची बुरशी ऑक्सिन आणि इथिलीन ही चक्क वनस्पतींची संप्रेरकं तयार करते. इथिलीन म्हणजे ज्याने आंबा-केळी पिकवतात तेच. यजमान झाडाच्या मुळांना ही संप्रेरकं आखूड आणि फांद्याळ व्हायला लावतात, म्हणजे बुरशीला चिकटायला जास्त टोकं मिळतात. ज्या रोपाशी नातं नाही त्याच्या मुळांचा मात्र त्याच डोसने बट्ट्याबोळ होतो.

त्याआधी, १९९५ साली, न्यूझीलंडच्या संशोधकांनी याहून रोखठोक आरोप केला होता. त्यांच्या प्रयोगात ट्रफलचे तंतू गवतवर्गीय रोपांच्या मुळांत घुसून पेशी मारताना दिसले. मग बुरशी गवत मारून खाते का? या शंकेचा एक भाग २०१३ साली निकाली निघाला. ईशान्य फ्रान्सच्या एका लागवडीत शास्त्रज्ञांनी आख्खं हेझलचं झाड तंबूत झाकलं आणि त्याला जड कार्बनचा, कार्बन-१३चा, वायू पाजला. झाडाने पानांत साखर केली, ती खाली उतरली आणि पुढचे कित्येक महिने तो जड कार्बन मातीतल्या ट्रफलमध्ये येत राहिला. म्हणजे ट्रफलचं पोट भरतं झाडावर. गवत हटवण्याचा फायदा वेगळा असावा: उन्हाळ्यात पाण्याला वाटेकरी कमी, जमीन ऊन खाते, आणि शेजारच्या इतर बुरश्यांनाही हुसकावून लावलेलं. ब्रुलेच्या आतल्या मातीत या एका ट्रफलचं राज्य चालतं आणि इतर बुरश्यांची गर्दी विरळ होते, हे मातीतल्या डीएनएच्या मोजणीतून दिसलेलं आहे.

ही झाली बुरशीची बाजू. झाड गप्प बसलेलं नसतं. मुळं मातीत अखंड काही ना काही पाझरत असतात. त्यातल्या एका कुळाची कथा सांगायला हवी, कारण तिचं एक टोक सोलापूर-मराठवाड्याच्या ज्वारीत आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला शेतकऱ्यांना चांगला माहीत असतो. त्याची धुळीएवढी बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहते आणि यजमान पिकाचं मूळ जवळ आलं तरच उगवते. तिला कळतं कसं? १९६६ साली अमेरिकेत कापसाच्या मुळांतून तो इशारा वेगळा काढला गेला: स्ट्रिगॉल. कोडं असं की आपल्याच शत्रूला जाग आणणारं रसायन झाड सोडतंच कशाला? उत्तर जवळपास ४० वर्षांनी, २००५ मध्ये, जपानी शास्त्रज्ञांकडून आलं. स्ट्रिगॉलच्या कुळातल्या रेणूने मुळाजवळच्या उपकारक बुरशीला भराभर फांद्या फुटतात. हाक मित्राला होती, टारफुला ती चोरून ऐकत होता. कृषी सेवा केंद्रांत पाकिटातून मिळणारं मायकोरायझा याच मित्रकुळातलं.

ओक आणि ट्रफल यांची भाषा मात्र वेगळी. त्यांच्यासारख्या, मुळावर बाहेरून आवरण चढवणाऱ्या बुरश्यांवर स्ट्रिगॉलच्या कुळाचा म्हणावा तसा परिणाम दिसलेला नाही. इथे दुसरी रसायनं चालतात. पाइनच्या मुळांतलं अबिएटिक ॲसिड त्याच्या सोबतीच्या सुइलस बुरशीचे झोपलेले बीजाणू जागे करतं, हे स्वीडनच्या निल्स फ्रीस यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. निलगिरीच्या मुळांतून निघणारं रूटिन तिच्या सोबतच्या बुरशीची वाढ वाढवतं. सगळी झाडं एकच हाक मारत नाहीत, आणि हे बरंच आहे. नाहीतर जमिनीखाली नुसता गोंगाट झाला असता.

ओकची आणखी एक देणगी म्हणजे टॅनिन. कातडी कमावायला वापरतात तेच. पानं गळली, कुजू लागली की टॅनिन मातीतल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतं आणि त्यातला नायट्रोजन अडकून पडतो. तो सोडवायला काही बुरश्यांकडे जबरदस्त विकरं असतात. जाड पाचोळ्याच्या सावलीच्या रानात त्याच जिंकतात. काळा ट्रफल त्या शर्यतीत फारसा नाही. २०१० साली त्याचा जनुकसंच वाचून झाला: साडेबारा कोटी अक्षरं, त्यातली निम्म्याहून जास्त उड्या मारणाऱ्या पुनरावृत्तींनी भरलेली, आणि वाळलेलं काष्ठ-पान फोडणारी जनुकं अगदी मोजकी. उलट गंधकाच्या संयुगांचा कारखाना पूर्ण सज्ज. याचा अर्थ असा की याला दाट जंगल मानवत नाही. उघडी, कोरडी, चुनखडीची, पाचोळा कमी असलेली जमीन आणि ऊन, हे त्याचं घर. जंगलातला खजिना वगैरे जे म्हटलं जातं ते ऐकताना हे लक्षात ठेवावं.

या जमिनीचा इतिहासही तेच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्होक्ल्यूझमधल्या साँ-सातुर्नाँ गावच्या जोझेफ तालों याने ट्रफलच्या झाडाखालची ओकची फळं उचलून आपल्या खडकाळ तुकड्यात पेरली. काही वर्षांनी त्या रोपांखाली ट्रफल निघाला. त्याने ते गुपित ठेवायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी फार काळ ठेवू दिलं नाही. कारपाँत्राच्या ओग्युस्त रूसो या व्यापाऱ्याने १८४७ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केलं आणि १८५५च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात आपले ट्रफल मांडले. पुढे सरकारने व्हाँतूच्या बोडक्या उतारांवर जंगल लावायला घेतलं. मेंढ्यांनी आणि कोळसेवाल्यांनी तो डोंगर खरवडून काढला होता. मातीची धूप थांबावी म्हणून लावलेल्या ओकांखाली ट्रफल येऊ लागले. आणि १८६३ मध्ये ऱ्होनच्या पलीकडच्या काठावर फिलॉक्सेरा दिसली. द्राक्षाच्या मुळांतला रस शोषणारी ही अमेरिकेतून आलेली चिमुकली कीड काही वर्षांत मळेच्या मळे मारून गेली. उजाड झालेल्या द्राक्षजमिनींवर लोकांनी ओक लावले. उघडी, चुनखडीची, नुकतीच रिकामी झालेली जमीन: ट्रफलला याहून काय हवं होतं! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सचं वार्षिक उत्पादन हजार टनांच्या घरात गेल्याचं सांगतात.

आज ते काही डझन टनांवर आहे. पहिल्या महायुद्धाने गावांतली माणसं नेली, उरलेली शहरांत गेली. कुणी छाटणी केली नाही, मेंढ्या चरल्या नाहीत, ओकांची डोकी एकमेकांत मिसळली, खाली पाचोळा साचला आणि ट्रफल निघून गेला. निसर्ग मोकळा सोडला की दुर्मीळ गोष्टी परत येतात असं आपण धरून चालतो. इथे माणसाने हात काढला आणि गोष्ट हातची गेली. आता पुन्हा जी लागवड होते ती रोपवाटिकेत मुळांवर बुरशी चढवलेल्या रोपांची. फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात ही पद्धत बसवली. त्याच पद्धतीने स्पेनमध्ये तेरुएल प्रांतातल्या सारियोनच्या परिसरात हजारो हेक्टर लावले गेले आणि काळ्या ट्रफलची गादी फ्रान्सकडून तिकडे सरकली. प्रोव्हान्समध्ये हा विषय जेवणाच्या टेबलावर काढू नये.

रिशरांशहून दक्षिणेला सेरिन्याँ-दु-काँता गावी जाँ-आन्री फाब्र यांचं घर आहे, लार्मास. कीटकांचे हे थोर अभ्यासक तरुणपणी कारपाँत्रात शाळामास्तर होते आणि १८७९ पासून अखेरपर्यंत इथे राहिले. आता संग्रहालय आहे. मी गेले तेव्हा बागेत एक माळी आणि मी, एवढेच होतो. फाब्र यांनी बोलबोसेरास या भुंग्याचा पाठपुरावा केला. हा भुंगा रात्री उडत येतो आणि जमिनीखालच्या एका बारीक बुरशीच्या बरोबर डोक्यावर उतरून सरळ बीळ खणतो. ट्रफलच्या माशीचीही त्यांनी नोंद केली. ती माशी अजूनही खेड्यांत वापरात आहे: उन्हाच्या दिवशी सूर्याकडे तोंड करून, हातात काठी घेऊन, ब्रुलेवरून हळू चालायचं. तांबूस माशी उठली की ती नेमकी जिथून उठली ती जागा खणायची, कारण ती तिथे अंडी घालायला बसलेली असते. याला कुत्रा लागत नाही, परवाना लागत नाही, फक्त डोळे आणि चिकाटी. माझ्या यजमानांनी मला हे करून दाखवलं. माशी उठली, मला दिसली नाही, त्यांना दिसली.

वास कुणासाठी, याचं उत्तर या माशीत आणि डुकरिणीत आहे. जमिनीवर उगवणाऱ्या अळंबीचे बीजाणू वारा नेतो. वितीभर खाली पुरलेल्या ट्रफलला वारा नाही, म्हणून त्याला प्राणी बोलवावे लागतात: यावं, उकरावं, खावं आणि दूर जाऊन विष्ठेतून बीजाणू टाकावेत. बीजाणू पिकेपर्यंत वास येत नाही, तो याच हिशेबाने. डुकरिणी एवढ्या वेड्या का होतात यावर १९८१ साली जर्मन संशोधकांनी झणझणीत खुलासा केला होता. नर डुकराच्या लाळेत असतो तो अँड्रोस्टेनॉल हा कामगंध ट्रफलमध्येही सापडला. वर्तमानपत्रांना याहून काय हवं? ही गोष्ट आजही दर दोन लेखांमागे एका लेखात सापडते. पण १९९० मध्ये तुलूझच्या संशोधकांनी साधी परीक्षा घेतली: जमिनीत एका ठिकाणी ट्रफल पुरला, एका ठिकाणी अँड्रोस्टेनॉल, एका ठिकाणी डायमिथिल सल्फाइड. डुकरिणीने अँड्रोस्टेनॉलकडे ढुंकून पाहिलं नाही. ट्रफल आणि डायमिथिल सल्फाइड दोन्ही उकरले. कुत्र्यानेही तेच केलं. डायमिथिल सल्फाइड म्हणजे शिजत्या कोबीतला वास. प्रेमकथा गेली, कोबी राहिला. तरी लोक प्रेमकथाच सांगतात.

एवढ्यावर भागत नाही. ट्रफलच्या गोळ्यात राहणारे जिवाणूही त्याचा वास घडवतात. पांढुरक्या वसंती ट्रफलमधल्या गंधकी वासाचा काही भाग त्यांच्याकडून येतो, असं दिसलं आहे. हॉटेलांतल्या बहुतेक 'ट्रफल ऑइल'मध्ये मात्र ना बुरशी असते ना जिवाणू. इटलीतल्या आल्बाच्या पांढऱ्या ट्रफलमधला एकच मुख्य रेणू कारखान्यात करून तेलात मिसळलेला असतो. त्याचा वास बाटली उघडताच खोलीभर होतो, आणि खऱ्या मालापाशी उभं राहिलं की कळतं किती सपाट आहे.

शनिवारी सकाळी रिशरांशचा बाजार भरतो. मुख्य रस्त्यावर सामान्य गिऱ्हाईक, उपाहारगृहांचे आचारी, टेबलांवर छोट्या टोपल्या. खरा व्यापार दुसऱ्या बाजूला, आव्हेन्यू द ला राबासवर. राबास हे ट्रफलचंच प्रोव्हान्साल नाव. तिथे दलाल आपल्या गाड्यांची डिकी उघडून उभे असतात. शेतकरी येतो, कापडी पिशवी उघडतो, दलाल नाक आत घालतो, एखादा गोळा नखाने खरवडून रंग बघतो, पुटपुटत भाव सांगतो. मंजूर असेल तर वजनकाटा, नोटा, पिशवी डिकीत. भाव किलोला कित्येकशे युरो. पाटी नाही, आरडाओरड नाही. आपल्या बाजार समितीतल्या लिलावाला सरावलेल्या माणसाला इथे काही विकलं जातंय हे पटत नाही. वास मात्र अर्ध्या किलोमीटरवरून येतो.

नखाने खरवडण्यामागे कारण आहे. चीनमधून येणारा एक काळा ट्रफल दिसायला जवळपास सारखा, पण वासाला फिका आणि किमतीला बराच स्वस्त. काही वेळ अस्सल मालाच्या डब्यात ठेवला की तो वास उसना घेतो. त्याचं शास्त्रीय नाव ट्यूबर इंडिकम. १८९२ साली भारतीय हिमालयातल्या नमुन्यावरून ते दिलं गेलं. फसवणुकीच्या या व्यवहारात भारताचं नाव आहे, माल भारताचा नाही. आपल्याकडच्या अशा महागड्या, मुळांशी नातं ठेवणाऱ्या बुरशीची आठवण मला गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरमध्ये येते. पावसाळा सुरू होताच साल वृक्षांखाली निघणारा बोडा जगदलपूरच्या बाजारात मटणापेक्षा महाग विकला जातो. तो ट्रफल नव्हे, वेगळ्याच गटातली बुरशी. पण झाडाच्या मुळाशी केलेला करार त्याच प्रकारचा आणि गोळा करणारी माणसं तितकीच जाणकार.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी इथल्या चर्चमध्ये ट्रफलची प्रार्थना होते, निमित्त संत आंत्वानचं. काळे झगे आणि काळ्या टोप्या घातलेले ट्रफल बंधुसंघाचे सभासद पुढच्या रांगेत. दानपेटीची टोपली फिरते तेव्हा लोक तिच्यात पैशाऐवजी ट्रफल टाकतात. धूप आणि डायमिथिल सल्फाइड यांचं मिश्रण नाकाने एकदा घ्यावं असं आहे. नंतर बाहेर त्या टोपलीचा लिलाव होतो आणि रक्कम चर्चला जाते.

यजमानांकडे शेवटच्या दुपारी आम्ही पुन्हा ओकांच्या ओळीत होतो. यावेळी काढायला नाही, भरायला. ट्रफलच्या लग्नाचं एक प्रकरण गेल्या दहा-पंधरा वर्षांत उघड झालंय. बुरशीचे दोन प्रकार असतात आणि फळ धरायला दोन्ही लागतात. मुळांवर असते ती मातृबुरशी. तिचा माग लागतो. पितृबुरशी मात्र मुळांच्या टोकांवर शोधूनही क्वचितच भेटते. तिची जनुकं फळातल्या बीजाणूंत दिसतात, तेवढाच पुरावा. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयातले मार्क-आंद्रे सलॉस आणि त्यांचे सहकारी या हरवलेल्या बापामागे लागलेले आहेत. तो ब्रुलेवरच्या चिवट गवतांच्या मुळांशी राहत असावा, असा एक संशय आहे. शेतकऱ्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते ब्रुलेच्या कडेला खड्डे घेतात आणि त्यात भुसभुशीत माती आणि कुटलेल्या जुन्या ट्रफलचे बीजाणू भरतात, बाप तिथूनच मिळेल या आशेने. अशा खड्ड्यांतून निघणारे ट्रफल जास्त, गोल आणि मोठे असतात, हा आता त्यांचा अनुभव आहे.

सडलेले, किडके, विकता न येणारे ट्रफल यजमानांनी हिवाळाभर फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. त्यांच्या पत्नीने ते मिक्सरमधून काढून दिले आणि मिक्सर पुन्हा स्वयंपाकात घेणार नाही असं बजावलं. आम्ही ओळीने खड्डे केले, प्रत्येकात मूठभर काळा लगदा आणि वर माती. कुत्री प्रत्येक खड्ड्यावर येऊन पंजा मारायची आणि तिला हाकलावं लागायचं. "हिला कसं सांगणार," यजमान म्हणाले, "की हे तीन वर्षांनी उकरायचंय."